बाना-कासुबाचं लखलखीत अंगण

लुएला वस्तीत मी बाना-कासुबाच्या आधी उठतो असं कुणी म्हणालं, तर तो एक तर थापाड्या असणार नाहीतर चोर. कोंबड्यांना जाग यायच्या आत तिच्या केरसुणीची खरखर सुरू व्हायची. गवताची आखूड केरसुणी, एक हात पाठीवर, कंबरेत वाकलेली बाई, आणि मागे मागे सरकत जाणारी पावलं. उजाडेपर्यंत सगळ्या अंगणभर बारीक रेघा उमटलेल्या असत, एकाच बाजूला कललेल्या, आणि त्यांवर कोंबडीचंसुद्धा पाऊल नाही. अंगणात गवताची काडी नाही, पान नाही, खडा नाही. नुसती उघडी, सपाट माती.

आमच्याकडे बाईची परीक्षा अंगणावर होते. लग्नाआधी वस्तीतल्या जाणत्या बायका मुलीला खोलीत बसवून संसार शिकवतात, त्यात पहिला धडा केरसुणीचा. सूर्यानं तुझं अंगण बघायच्या आत तू बघ. सासू आधी अंगण बघते, मग सुनेचं तोंड. गवत म्हणजे आळस, आणि गवतात साप. एखाद्या घरासमोर रेघा दिसल्या नाहीत तर रस्त्यानं जाणारा हमखास थांबून विचारतो, "घरात कोण आजारी आहे का?" कारण अंगण न झाडायला दुसरं काही कारण असू शकतं, हे कुणाला सुचतच नाही. बाना-कासुबा हा धडा तर शिकलीच, वर पुढच्या तीस वर्षांत कित्येक नवऱ्या मुलींना तिनं तो शिकवलाही.

कासुबाची आई म्हणून ती बाना-कासुबा. तिचं स्वतःचं नाव मोडेस्टा, पण ते फक्त चर्चच्या वहीत. नवरा शिशाच्या खाणीत भट्टीवर होता. तीस वर्षांपूर्वी खाण बंद पडली, मागे राहिला काळा ढिगारा आणि नवऱ्याचा खोकला. पुढे खोकला नवऱ्याला घेऊन गेला. मुलगी कासुबा राजधानीत, लुसाकाला, शिवणाच्या दुकानात कामाला लागली, तिच्या पोटी लुबुतो झाली, आणि जावई कुठेतरी निघून गेला. एका खोलीत पोर आणि शिलाई मशीन दोन्ही कसं सांभाळणार? म्हणून दीड वर्षाची लुबुतो आजीकडे आली. तेव्हापासून बाना-कासुबाचा जीव त्या पोरीत. तिच्याशी ती जितकं बोलायची तितकं नवऱ्याशी आयुष्यभरात बोलली नसेल.

मग माती तपासणारे आले. सरकारनं शहरातली शिशाची माती उपसायचं काम काढलं होतं. आमच्या भागावर मुयुंदा नावाचा तरुण इंजिनियर होता, उंच शिडशिडीत, चष्मेवाला, स्वभावानं गरीब. सकाळी आठ वाजता तो बाना-कासुबाच्या अंगणात शिरला तो थेट रेघांवरून.

"अरे ए! तिथंच थांब!" बाना-कासुबा ओट्यावरून ओरडली. "बूट काढ, नाहीतर आलास तसा उडी मारून बाहेर जा."

मुयुंदा एका पायावर थबकला. "आई, माती तपासायची आहे. शिसं आहे का बघायचंय."

"माझ्या अंगणात? न्शिमाचा घास खाली पडला तर उचलून तोंडात टाकावा असं अंगण आहे हे. तपासायचं तर पलीकडे जा, बाना-चोंगोकडे. तिथं गुडघाभर गवत आहे, आत काय काय असेल देव जाणे."

त्यानं बूट काढले, म्हणून तिनं त्याला आत येऊ दिलं. त्याच्याजवळ बंदुकीच्या आकाराचं एक यंत्र होतं. तोंड मातीला टेकवायचं, खटका दाबून मिनिटभर थांबायचं, की मागच्या काचेवर आकडा उमटे. चारशेच्या वर गेलं की लहान मुलांना धोका, असं त्याचं माप. बाना-कासुबाच्या अंगणात आकडा आला चार हजार सहाशे.

"आणि तिच्याकडे?" तिनं पहिला प्रश्न हा विचारला.

"बाना-चोंगोकडे? अकराशे."

"शक्यच नाही. तुझं यंत्र बिघडलंय."

"आई, गवतामुळे होतं काय की—"

"गवतामुळे साप होतात," ती म्हणाली आणि त्याला बूट दिले.

पण पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात मुलांची बोटं टोचली, आणि लुबुतोच्या रक्तात शिसं निघालं बावन्न. पाचाच्या वर नको, आणि पंचेचाळीसच्या वर गेलं तर औषध द्यावंच लागतं, असं नर्सनं सांगितलं. पोरगी साडेतीन वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हती, पोट दुखतं म्हणून रडायची. आजी म्हणे जंत असतील. आता नर्स म्हणाली ते शिसं आहे, मातीतून पोटात जातं, मुलं हात चाटतात. बाना-कासुबानं नर्सकडे, मग पोरीच्या हातांकडे पाहिलं. माझं अंगण, ती म्हणत राहिली. माझं अंगण.

रडत बसणारी ती नव्हे. एकोणीस दिवस औषध झालं, आणि विसाव्या दिवशी ती मुयुंदाच्या कचेरीच्या दारात उभी. अनोळखी पुरुषांना बायका अंगणात खणू देत नाहीत, हे त्यालाही एव्हाना कळलं होतं. "तुझ्या पोरांना दारातून हाकलतात ना? मला घे. मला कोण हाकलतंय बघते." मुयुंदानं तिला घेतलं. महिनाभरात ती यंत्र चालवायला शिकली, एका अंगणातून पाच जागची माती पिशवीत भरायला शिकली, नकाशावर घरं रंगवायला शिकली. दोनशे चाळीस घरं तिनं तपासली. एकीनंही तिला अडवलं नाही, कारण अर्ध्याजणींना केरसुणी धरायला तिनंच शिकवलं होतं.

तिचं स्वतःचं अंगण पहिल्या खेपेतच साफ झालं, ऑक्टोबरात, पावसाच्या आधी. मजुरांनी वीतभर माती खणून ताडपत्री झाकलेल्या ट्रकांतून नेली. तळाशी नारिंगी प्लास्टिकची जाळी अंथरली. ती खुणेची: उद्या कुणी खणायला लागलं तर नारिंगी दिसताच कळावं, की खालची माती वाईट. जाळीवर नदीपलीकडच्या टेकडीची लाल माती घालून धुम्मस केलं. नवं अंगण इतकं लाल आणि सपाट झालं की बाना-कासुबा दोन दिवस त्यावर पाय ठेवायला कचरत होती. शेवटी मुयुंदानं प्रत्येक घराला दिलं तसं तिलाही हरळीच्या रोपांचं एक पोतं दिलं. "लावा, आई. सगळीकडे लावा."

"लावते, बाळा," ती म्हणाली. त्याची पाठ वळताच तिनं पोतं कुंपणावरून पलीकडे लोटलं. "बाना-चोंगो, घे. तुझ्या शेळीला."

बाना-चोंगो ही आमच्या वस्तीतली आळशी बाई. निदान सगळे तसंच म्हणत. पाच पोरं, मुन्कोयो हे मक्याचं आंबवलेलं पेय विकायचा धंदा, मोठमोठ्यानं हसायची सवय, आणि अंगण बघवत नसे. तिच्याही अंगणात त्याच खेपेत नवी माती पडली होती; तिनं ते पोतं शेळीला न घालता बसल्या बसल्या दारापासून कुंपणापर्यंत खोचून टाकलं. का, तर शेळी तेव्हा व्यालेली होती आणि तिला बांधायला हिरवी जागा हवी होती. बाना-कासुबानं नाक मुरडलं आणि आपल्या नव्या लाल अंगणात रेघा ओढायला घेतल्या.

तिला नियम माहीत नव्हते असं कुणी म्हणू नये. दोनशे चाळीस दारांत उभं राहून तिनंच ते सांगितले होते. मुलांचे हात धुवा. झाडायच्या आधी पाणी शिंपडा, धूळ उडू देऊ नका. हरळी लावा. नारिंगी जाळी दिसली की हात थांबवा आणि मला बोलवा. एखादी चावट बाई म्हणायची, "आधी तू लाव की हरळी!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "माझ्या अंगणाला हरळीची गरज नाही. मी पाणी शिंपडते." आणि खरंच शिंपडायची. डबाभर पाणी, मग केरसुणी. धूळ उडायची नाही. फक्त ओल्या मातीचा एक पातळ थर केराबरोबर मागच्या खड्ड्यात जायचा. रोज.

त्या वर्षात तिनं केराचा खड्डा दोनदा नवा खणला. बाना-चोंगो कुंपणावर रेलून विचारायची, "दोन माणसांचं घर तुमचं. खाता काय एवढं, की खड्डा भरतो?"

"स्वच्छ घराचा केर जास्तच निघतो," ही म्हणायची. "तुला कसं कळणार?"

एप्रिलमध्ये लुबुतोचा आकडा सत्तावीसवर आला. पोरगी बोलायला लागली, आणि लागली ती थांबेचना. बाना-कासुबानं कोंबडी कापली, बाना-चोंगोच्या पोरांनाही बोलावलं. सगळ्या वस्तीनं तिचं कौतुक केलं आणि तिनं ते करून घेतलं. मीही त्या दिवशी जेवलो, उगाच खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबरात पुन्हा बोटं टोचली. बाना-चोंगोच्या धाकट्याचं अडतीसवरून सतरा झालं होतं. लुबुतोचं सत्तावीसवरून चव्वेचाळीस.

"पुन्हा बघा," बाना-कासुबा म्हणाली. नर्सनं दुसरं बोट टोचलं. चव्वेचाळीसच.

संध्याकाळी कासुबाचा फोन आला. "आई, हे कसं झालं? अंगण काढलं ना त्यांनी?"

"काढलं. दुसरीकडून कुठून तरी येतंय. मी शोधते."

"शोध. पण डिसेंबरात पुन्हा तपासणी आहे ना? तेव्हा उतरलं नसेल तर मी तिला घेऊन जाणार. एका खोलीत राहू, मशीनखाली झोपवीन, पण तिथं नाही ठेवणार."

"तुझी मशीन, तुझी गिऱ्हाइकं, पोरीला बघणार कोण?"

"ते मी बघेन. तू शिसं शोध."

त्या दिवसापासून बाना-कासुबाच्या पायाला भिंगरी लागली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे वर्षातला सगळ्यात वाईट महिना. ऊन डोक्यात शिरतं, वारा सुटतो, ढगांचा पत्ता नसतो, आणि काळ्या ढिगाऱ्यावरची भुकटी कुठे कुठे जाते ते कुणी सांगावं. तिनं प्रथम ढिगाऱ्याला धरलं. ओट्यावर पांढरं फडकं पसरून तीन दिवसांची धूळ जमवली, यंत्र लावलं. फारसं काही नाही. मग नळाला धरलं. पाण्याची बाटली घेऊन कचेरीत गेली. पाणी चांगलं होतं. मग भांडी. भंगाराच्या अॅल्युमिनियमची ओतलेली भांडी वाईट असतात असं तिनं ऐकलं होतं. सगळी भांडी उलटी मांडून एकेकाला यंत्र लावलं. पोरीची चटई, उशी, नवऱ्याची जुनी पेटी, कोंबड्यांची पिसं, बालवाडीची वाट, बालवाडीतली वाळू, चर्चचं आवार, सगळं झालं. तिला जेवण जाईना. मक्याची न्शिमा वळता वळता हातातला गोळा तसाच ठेवून उठायची आणि आठवलेली नवी जागा तपासून यायची. डिसेंबर जवळ येत होता, आणि यंत्र प्रत्येक ठिकाणी निर्दोष आकडा दाखवत होतं. इतर कुणाच्या घरी तो आकडा आला असता तर ती आनंदली असती.

आणि रोज पहाटे ती झाडत होती. आता तर जास्तच. दोन डबे पाणी, आणि दोनदा.

शेवटी तिनं बाना-चोंगोला धरलं. एका सकाळी यंत्र काखेत मारून ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली आणि न विचारता गवतात टेकवायला लागली. बाना-चोंगो मुन्कोयोचा घट ढवळत होती.

"काय गं, सकाळी सकाळी बंदूक घेऊन?"

"लुबुतो तुझ्या पोरांबरोबर इथं खेळते. या घाणीत काय आहे ते बघतेय."

"बघ की. काय म्हणतंय?"

यंत्र म्हणालं नव्वद. दुसरीकडे पंच्याऐंशी. शेळीजवळ एकशे दहा. बाना-कासुबा गवत उपटून खालची माती बघायला लागली, तेव्हा मात्र बाना-चोंगोनं ढवळणं थांबवलं.

"पुरे. गवत उपटायचं नाही. दहा वर्षं मी तुझं ऐकून घेतलं. आळशी म्हणालीस, माझ्या दारात साप अंडी घालतील म्हणालीस, वर नाकानं कांदे सोललेस. तरी तुझी नात माझ्या ताटात जेवते. पण माझ्या घरातून तिला विष मिळतं असं म्हणालीस ना, तर तुझ्या त्या बंदुकीसकट तुला कुंपणाबाहेर फेकीन."

"मग येतंय कुठून?" बाना-कासुबा ओरडली. "सांग ना, येतंय कुठून? मी सगळं बघितलं! सगळं!"

ते ओरडणं रागाचं नव्हतं. बाना-चोंगोलाही ते कळलं, कारण तिनं घटाचा दांडा खाली ठेवला. बाना-कासुबा फटीतून परत गेली.

घरी आंब्याखाली लुबुतो मक्याच्या कणसाची बाहुली खेळवत होती. कणसाला चिंधीचं लुगडं नेसवलं होतं, आणि डोक्याला केस होते. मक्याचे नव्हेत. नारिंगी.

बाना-कासुबा तिच्यासमोर उकिडवी बसली. "हे केस कुणी दिले, राणी?"

"मीच घेतले. किती लांब आहेत बघ, अंबुया," ती आजीला म्हणाली.

"घेतले कुठून?"

"इथून." लुबुतोनं आंब्याच्या बुंध्याशी बोट खुपसलं आणि ओढलं. मातीतून नारिंगी धागा निघाला. "खूप आहेत. ओढले की येतात. तिकडे मोरीजवळ पण आहेत. मी बाना-चोंगोच्या सगळ्यांच्या बाहुल्यांना दिले."

बोट खुपसलं होतं ते मुलीनं सवयीनं तोंडात घातलं.

बाना-कासुबानं ते बोट तोंडातून काढलं आणि आपल्या कंबरेला गुंडाळलेल्या चितेंगेला पुसलं, पुन्हा पुसलं, मग चुळा भरायला लावल्या, मग तिला उचलून ओट्यावर बसवलं आणि खाली उतरायचं नाही असं बजावलं. मग ती यंत्र घेऊन आंब्याखाली आली. काचेवर आकडा आला दोन हजार शंभर. तिनं पुन्हा टेकवलं. दोन हजार एकशे सत्तर. मोरीजवळ एकोणीसशे. सात वेळा मोजलं, जणू आठव्या वेळी यंत्राला तिची दया येणार होती. वीतभर लाल माती इथे कुठे चार बोटं उरली होती, कुठे दोन, आणि उताराला नुसता पातळ थर. केरसुणीनं सैल केलेली माती पावसानं नेली, पावसानं ठेवलेली केरसुणीनं नेली, आणि मागच्या खड्ड्यांत ती सगळी लालच्या लाल पडून होती. नदीपलीकडून ट्रकानं आलेली स्वच्छ माती तिनं केर म्हणून पुरली होती. साफ झालेलं अंगण म्हणून नकाशावर तिनं आपलं घर स्वतःच्या हातानं हिरवं रंगवलं होतं, आणि हिरव्या घराकडे ती एकदाही यंत्र घेऊन वळली नव्हती.

सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी तिनं ते झाकलं. माझ्याजवळ तिनं हे नंतर स्वतः कबूल केलं. घरातली मोठी चटई आणून आंब्याखाली अंथरली, मोरीजवळ फरशीचा तुकडा टाकला, आणि चटईवर बसून राहिली. मुयुंदाला कळलं तर नोकरी जाईल. कासुबाला कळलं तर पोर जाईल. खड्ड्यातली माती परत आणून घालता येईल, दोन दिवसांचं काम. कुणाला पत्ता लागणार नाही. मग ओट्यावरून लुबुतोनं हाक मारली, "अंबुया, मी उतरू का? आता उतरू का?" पाच मिनिटांनी पुन्हा. चौथ्या वेळी बाना-कासुबानं फोन उचलला.

"कासुबा, सापडलं."

"काय होतं?"

"मी."

पलीकडे मशीनची खडखड थांबली. तिनं सगळं सांगितलं, काही न गाळता. मग कासुबा जे बोलली ते तिच्या जागी कुणीही बोललं असतं. "माणसांनी येऊन खणून काढलं, आणि तू झाडून परत वर आणलंस? आई, कुणासाठी झाडत होतीस गं? कोण सासू बघायला येणार होती?"

"कुणी नाही," बाना-कासुबा म्हणाली. "ये आणि तिला घेऊन जा. डिसेंबरापर्यंत थांबू नकोस. उद्याच ये."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं कासुबा आली. आई भांडेल, रडेल, पोरीला धरून बसेल, अशी तयारी करून ती आली होती. इथे पोरीचं गाठोडं बांधून तयार, कपडे तीनदा धुतलेले, केस विंचरलेले, आणि पोरगी ओट्यावर, कारण तिला खाली पाय ठेवू द्यायचा नव्हता. बस निघायला अजून तास होता. तो तासभर बाना-कासुबानं तिला कडेवर घेतलं होतं. पाच वर्षांची पोर, हात भरून आले तरी. लुबुतो बाहुलीसाठी रडली, कारण नारिंगी केसांची ती बाहुली आजीनं पिशवीत बांधून कचेरीत द्यायला ठेवली होती. बसमध्ये बसवताना ती म्हणाली, "अंबुया, तू चांगलं झाडलंस की मी परत येईन?" तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आमच्या मुलांना हेच येतं. तेवढ्यात बस सुटली.

तिथून ती मुयुंदाकडे गेली आणि त्याच्या टेबलावर पिशवी ठेवली. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा लावला. "आई, पोतं दिलं होतं मी."

"दिलं होतंस."

"मग?"

"शेळीला दिलं."

त्यानं तिला काढलं नाही. उलट म्हणाला की दोनशे चाळीस घरांतल्या किती जणी असंच झाडत असतील ते बघायला हवं, आणि ते बघायला तिच्याशिवाय कुणी नाही. तिला वाटलं होतं, काढलं तर बरं होईल, तोंड लपवून घरी बसता येईल. आता तिला दोनशे चाळीस दारांत पुन्हा उभं राहावं लागणार होतं.

त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत ती कुंपणाशी गेली, या वेळी फटीतून न शिरता बाहेरच उभी राहिली. आमच्या रीतीप्रमाणे गुडघे वाकवून टाळी वाजवली, जशी वडीलधाऱ्यांसमोर वाजवतात. बाना-चोंगो तिच्याहून आठ वर्षांनी लहान.

"बाना-चोंगो, थोडी हरळी देतेस?"

बाना-चोंगो हसेल, खूप हसेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ती हसलीही, पण आधी फावडं घेऊन आली. "देणारी मी कोण? तुझंच पोतं ते." मग खणता खणता म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा. माझ्या शेळीपर्यंत सगळ्यांना बंदूक लावून आलीस."

"बोल. आणखी बोल."

"बोलणारच आहे. वर्षभर पुरेल एवढं आहे." आणि पाट्या भरून तिनं स्वतः कुंपणापलीकडे नेल्या.

मजुरांनी दोन दिवसांत नवी लाल माती घातली. हरळी बाना-कासुबानं एकटीनं खोचली, वीत वीत अंतरावर, सगळ्या अंगणभर. नोव्हेंबराच्या शेवटी पाऊस आला आणि ती धरली. सोपं मात्र गेलं नाही. पहाटे तिला जाग येई, हात केरसुणीकडे जाई. मग ती ओट्यावर बसून राही, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर आपलं अंगण केसाळ, ओलं, कुठे पान पडलेलं, कुठे कोंबडीनं उकरलेलं. तिला त्याची शिसारी येई. असं अंगण बघून ती आयुष्यभर ज्यांना हसली ते सगळे तिला आठवत. डिसेंबरात एकदा तिनं केरसुणी हातात घेतलीही. मग ती घेऊन तशीच मोरीत गेली, आणि मोरी घासली, दोनदा.

दारोदार जाताना ती आता आधी स्वतःचं अंगण सांगायची. चव्वेचाळीस हा आकडा सांगायची. बायका खाली बघायच्या, मग घराच्या मागे नेऊन आपापले केराचे खड्डे दाखवायच्या. सव्वीस घरांत खड्डा लाल निघाला.

जानेवारीत लुसाकाहून फोन आला. छत्तीस. फेब्रुवारीच्या अखेरीस एकोणतीस. "पाऊस संपला की घेऊन येते," कासुबा म्हणाली. "गवत दाखव मला आधी." बाना-कासुबानं मुयुंदाकडून फोटो काढून पाठवला. कासुबानं पुन्हा फोन केला. "मोरीजवळ विरळ वाटतंय." बाना-कासुबा त्याच दुपारी मोरीजवळ आणखी खोचायला बसली.

ती तशी उकिडवी बसलेली असताना रस्त्यानं एक म्हातारी चालली होती. पलीकडच्या वस्तीतली, डोक्यावर मक्याची टोपली, या घराची कीर्ती ऐकून असलेली. फाटकाशी ती थांबली. अंगणभर हिरवं, एक रेघ नाही, आणि मधोमध बाना-कासुबा मातीत हात घालून. म्हातारीनं टोपली सावरली आणि हळू आवाजात विचारलं, "काय गं, बाना-कासुबा, घरात कोण आजारी आहे का?"

"होतं," बाना-कासुबा म्हणाली. "आता उतार आहे."